पेगी ते मंजुलिका : पडद्यावरचा दुभंग

एका देहात दोन माणसं राहू शकतात, ही कल्पना मराठी प्रेक्षकाला सिनेमाने शिकवली नाही. जागरण-गोंधळात, जत्रेत, देवीच्या पालखीपुढे त्याने ती आधीच पाहिलेली होती. सिनेमाने तिला डॉक्टरी नाव दिलं आणि तिकीट लावलं. ज्याला पूर्वी बहुव्यक्तिमत्त्व विकार म्हणत आणि १९९४ पासून डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर, म्हणजे डीआयडी, म्हणतात, त्याची आपल्याकडची बहुतेक समज पडद्यावरून आलेली आहे. जवळपास सहा दशकांच्या या चित्रपटांकडे मागे वळून पाहिलं की एक गोष्ट ठळक दिसते. या विकाराचं बाह्यरूप सिनेमाने जवळजवळ नेहमीच चुकीचं दाखवलं. पण तो कुठे घडतो, हे आपल्याकडच्या सुरुवातीच्या चित्रपटांनी बरोबर ओळखलं होतं. तो घरात घडतो. पुढच्या चित्रपटांनी मात्र चुकीचं रूप जपलं आणि बरोबर ओळखलेलं घर सोडून दिलं.

सुरुवात १९६७ च्या सत्येन बोस दिग्दर्शित ‘रात और दिन’पासून करावी लागते. नर्गिसची वरुणा दिवसा घरंदाज बायको असते, रात्री ‘पेगी’ होऊन क्लबात जाते, आणि सकाळी तिला त्यातलं काहीही आठवत नसतं. पेगीचं नाचणं, सिगारेट, परपुरुषांबरोबरचं हसणं यावर चित्रपट रेंगाळतो, तो त्या काळच्या हिंदी सिनेमाचा सोस. तरी पेगी जे जे करते ते सगळं वरुणाला मना केलेलं आहे, हे तो विसरत नाही. दुसरं व्यक्तिमत्त्व बाहेरून येऊन बसलेलं नाही, ते पहिलीला न जगता आलेल्या आयुष्यातून उगवलेलं आहे, एवढं त्या पटकथेला कळलं होतं. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार याच भूमिकेसाठी नर्गिसला मिळाला. त्याच्या दहा वर्षं आधी, १९५७ च्या ‘द थ्री फेसेस ऑफ ईव्ह’साठी जोअ‍ॅन वुडवर्डला ऑस्कर मिळालं होतं. पुढे ‘सिबिल’ या १९७६ च्या टीव्ही-चित्रपटासाठी सॅली फील्डला एमी आणि १९९३ च्या मल्याळम ‘मणिचित्रताळ’साठी शोभनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चार अभिनेत्री, चार सन्मान, आणि भूमिका एकाच जातीची. अभिनयाचं चीज झालं याचा आनंद आहेच. पण बक्षीस कशाला मिळालं तेही पाहायला हवं. ते मिळालं एका क्षणात चेहरा, आवाज, चाल बदलण्याला.

प्रत्यक्षात हा बदल इतका नाट्यमय क्वचितच असतो. बहुतेक रुग्णांची धडपड तो लपवण्याची असते. मधले तास हरवतात, आपल्याच कपाटात अनोळखी कपडे सापडतात, न आठवणारी भांडणं निस्तरावी लागतात, आणि हे कुणाला सांगितलं तर वेडात काढतील या भीतीने माणूस सारवासारव करत राहतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या ‘डीएसएम-५’ या २०१३ च्या निदानग्रंथानुसार अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या अशा रुग्णांपैकी सुमारे ९० टक्क्यांच्या बालपणी छळ वा घोर हेळसांड झालेली आढळते, आणि बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक जणांनी कधी ना कधी आत्महत्येचा प्रयत्न केलेला असतो. या दोन आकड्यांपुढे पडद्यावरचा पुरुष रुग्ण उभा करून पाहावा. ‘सायको’ (१९६०) मध्ये तो खुनी आहे. हिंदीत ‘अपरिचित’ म्हणून घरोघरी टीव्हीवर पाहिल्या गेलेल्या शंकरच्या ‘अन्नियन’ (२००५) मध्ये तो भ्रष्टांना गरुडपुराणातल्या शिक्षा देत फिरतो. ‘स्प्लिट’ (२०१६) मध्ये त्याचं चोविसावं रूप नरभक्षक पशूचं आहे. बाईचं दुसरं रूप घराने मना केलेलं करतं आणि पुरुषाचं दुसरं रूप कायद्याने मना केलेलं करतं, अशी ही वाटणी आहे. बायकांच्या चित्रपटांत निदान घर तरी शिल्लक राहिलं. पुरुषांच्या चित्रपटांत उरला तो थरार. ज्या आजारात धोका सर्वांत जास्त रुग्णाच्या स्वतःच्या जिवाला असतो, त्याच आजाराची भीती शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटू लागली, ती या दुसऱ्या प्रकारच्या चित्रपटांमुळे.

१९९३ हे साल या मागोव्यात मधोमध बसतं. त्या वर्षी मराठीत महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ आला. तात्या विंचूचा आत्मा बाहुल्यात शिरला आणि त्याला लक्ष्याच्या देहात शिरायचं होतं. त्याच वर्षाच्या अखेरीस केरळात फाझिलचा ‘मणिचित्रताळ’ आला. मधू मुट्टम यांनी लिहिलेल्या या चित्रपटात बंद खोलीतल्या नर्तकीचं भूत शेवटी भूत नसतंच. आईवडील दूर कलकत्त्यात, आजीच्या गोष्टींवर वाढलेली आणि आता कामात बुडालेल्या नवऱ्याच्या वाड्यात एकटी पडलेली गंगा त्या कथेत विरघळलेली असते. एकाच वर्षी, एकाच कल्पनेवर, एका भाषेने खळखळून हसवलं आणि दुसरीने निदान केलं. ‘झपाटलेला’ला यात कमी लेखण्याचं कारण नाही. तो विनोदी भुताटकीचा चित्रपट होता, आजाराचा नव्हे, आणि त्याचं काम त्याने चोख केलं. पण त्यानंतर ‘पछाडलेला’पर्यंत (२००४) आपला पडदा त्याच वाटेने गेला आणि ‘मणिचित्रताळ’ची कथा कन्नड, तमिळ, बंगाली करत २००७ साली प्रियदर्शनच्या ‘भूल भुलैया’तून हिंदीत आली, तेव्हा मराठी प्रेक्षकाला ती दुसऱ्याच्या भाषेतून भेटली.

ती भेट महत्त्वाची का, हे समजायला पुणे-सातारा महामार्गावरचं कापूरहोळ पाहावं. पुण्याहून चाळीसेक किलोमीटरवर, भोर तालुक्यातल्या या फाट्यावरून एक रस्ता नारायणपूरच्या दत्ताकडे आणि पुढे सासवडला जातो, दुसरा भोरला आणि तिथून घाट चढून मांढरदेवीच्या काळूबाईकडे. पौष पौर्णिमेच्या यात्रेला पुण्याकडची गर्दी याच बाजूने जाते. २५ जानेवारी २००५ च्या चेंगराचेंगरीत सुमारे ३०० माणसं गेली तो हाच डोंगर. उलट्या दिशेला, त्याच महामार्गाने पुण्यात शिरलं की ससून आहे, येरवड्याचं मनोरुग्णालय आहे, खासगी मनोविकारतज्ज्ञ आहेत. भोर-वेल्ह्यातल्या एखाद्या घरात सून घुमायला लागली, वेगळ्या आवाजात बोलू लागली आणि नंतर तिला काहीच आठवेनासं झालं, तर गाडी कापूरहोळला कुणीकडे वळणार हे घरातली माणसं ठरवतात, ती स्वतः नव्हे. अंगात आलेल्या बाईला पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘कोण आहेस तू, काय पाहिजे तुला?’ हाच. चित्रपटही साठ वर्षं तोच प्रश्न विचारत आले. ‘हिच्यावर काय गुदरलं?’ हा प्रश्न विचारला तो ‘रात और दिन’ने थोडा आणि ‘मणिचित्रताळ’ने बराच.

‘भूल भुलैया’चं ऋण मान्य करायलाच हवं. लाखो लोकांनी डीआयडी हे नाव पहिल्यांदा त्यातल्या डॉक्टरच्या तोंडून ऐकलं. गंगाच्या जागी असलेल्या ज्या अवनीला बघून शेजारी मांत्रिक बोलावतील, ती आजारी आहे, दोषी नाही, हे चित्रपट स्पष्ट सांगतो. पण त्याच्या शेवटात एक गफलत आहे आणि ती मूळ मल्याळम चित्रपटातून आलेली आहे. डॉक्टर देवकार्याचा घाट घालतो, अवनीतल्या मंजुलिका या नर्तकीला शत्रूच्या पुतळ्याचं डोकं उडवू देतो आणि ती बरी होते. एका रात्रीत, एका बदल्याने. खरे उपचार वर्षानुवर्षं चालतात. आधी रुग्णाला सुरक्षित करणं, मग जुन्या आघातांना हळूहळू भिडणं, मग तुटलेल्या आठवणी एका आयुष्यात जोडणं, अशा टप्प्यांनी मानसोपचार जातो. या विकाराचं म्हणून खास औषध नाही, औषधं असतात ती सोबतच्या नैराश्यासाठी वा चिंतेसाठी. चित्रपटाने आजार वैद्यकाच्या दारात आणला आणि उपचार मात्र मांत्रिकाच्या वेळापत्रकाने केला. म्हणून पुढचं पाऊल सोपं झालं. २०२२ च्या ‘भूल भुलैया २’मध्ये मंजुलिका सरळसरळ खरं भूत झाली, आणि फारसं कुणाला खटकलं नाही. दिग्दर्शक अनीस बाझमी. त्यांच्याच २००२ च्या ‘दीवानगी’त अजय देवगणचा नायक या विकाराचं सोंग घेऊन खुनातून सुटतो. एका चित्रपटात आजार म्हणजे ढोंग, दुसऱ्यात आजाराच्या जागी भूत. दोन्हीकडे रुग्ण नाहीच.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला असा, की चित्रपट करमणुकीसाठी असतो, त्याला मनोविकाराच्या पाठ्यपुस्तकाची फूटपट्टी लावू नये. मान्य. पण इथे मोजमाप लक्षणांच्या अचूकतेचं नाही. २०१९ मध्ये इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने ‘मेंटल है क्या’ या नावावर आक्षेप घेतला आणि चित्रपट ‘जजमेंटल है क्या’ होऊन आला. नाव बदलून प्रश्न सुटत नाही हे त्यातून दिसलंच. मुद्दा आहे तो कथेचा. गंगाचं एकटेपण काढून टाकलं तर ‘मणिचित्रताळ’ करमणूक म्हणूनही पडतो. घराकडे पाहणं हा कथेवरचा बोजा नाही, तिचा जीव आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: हा विकारच सिनेमाने आणि डॉक्टरांनी मिळून घडवला, असं म्हणणारे अभ्यासक आहेत. त्यांच्या हातात पुरावाही आहे. ‘सिबिल’चं पुस्तक १९७३ साली आलं, त्याआधी जगभरात मोजक्या नोंदी होत्या, नंतर अमेरिकेत त्या हजारोंवर गेल्या. सिबिल म्हणून गाजलेल्या स्त्रीने १९५८ मध्येच आपल्या डॉक्टरला पत्र लिहून हे सगळं खरं नसल्याचं म्हटलं होतं. ईव्हची गोष्ट उलट्या बाजूने शिकवते. चित्रपटात ती १९५७ मध्ये बरी झाली. प्रत्यक्षातली ईव्ह म्हणजे क्रिस सायझमोर. त्यांनी १९७७ साली आपलं खरं नाव सांगून लिहिलं, की आजार त्यानंतरही वर्षानुवर्षं राहिला आणि व्यक्तिमत्त्वं वीसहून अधिक होती. सुचवण्याने लक्षणांना आकार येतो, हे यातून सिद्ध होतं. पण आकार बाहेरून आला म्हणून आतली वेदना खोटी ठरत नाही. अमेरिकेत तिला एकामागून एक नावं मिळाली, आपल्याकडे तिला देवीचं किंवा भुताचं रूप मिळालं. वैद्यकानेही हे मान्य केलं आहे: ‘डीएसएम-५’ने डीआयडीच्या व्याख्येतच काही संस्कृतींत झपाटल्याचा अनुभव म्हणून तो दिसतो असं लिहिलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगांच्या यादीमध्ये, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, झपाटलेपणाच्या विकाराला स्वतंत्र जागा आहे. त्यामुळे साठ वर्षांपूर्वी भुताटकी आणि आजार एकाच घरात ठेवणारा आपला सिनेमा ज्या दिशेने चालला होता, तिकडेच निदानग्रंथ उशिरा पोचले.

तिसरा आक्षेप श्रद्धेच्या बाजूने येतो: मग काळूबाईच्या यात्रेत घुमणारी प्रत्येक बाई रुग्ण समजायची का? मुळीच नाही, आणि निदानग्रंथही तसं म्हणत नाहीत. समाजाने स्वीकारलेल्या धार्मिक आचाराचा भाग असलेली अवस्था त्यांनी बाजूला काढली आहे. जी अवस्था नको असताना येते, पुन्हा पुन्हा येते, ज्यामुळे संसार, काम, झोप मोडते, तीच विकार. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही श्रद्धेला हात लावत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारणं, मिरचीची धुरी देणं यांना तो गुन्हा ठरवतो. सीमारेषा इथे आहे. भूतच खरं ठरवणारा चित्रपट ती पुसतो, कारण भूत खरं असेल तर धुरी देणारा बरोबर ठरतो.

मराठी सिनेमाला हे जमणार नाही असं नाही. डॉ. जगन्नाथ वाणी यांनी निर्मिलेल्या ‘देवराई’त (२००४) सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी स्किझोफ्रेनिया दाखवला तो अतुल कुलकर्णीच्या शेषमधून, पण तेवढ्याच ताकदीने त्याला सांभाळणाऱ्या बहिणीच्या संसारातून. ‘कासव’ने नैराश्याला तीच शिस्त दिली आणि सुवर्णकमळ मिळवलं. दोन्हींत चमत्कार नाही, बरं होणं सावकाश आहे, आणि कथा तरीही सैल पडत नाही. अंगात येण्यावर असा चित्रपट अजून व्हायचा आहे, आणि त्यासाठी लागणारं सगळं साहित्य मराठी घरात पडून आहे.

तोवर जे आहे त्याचा उपयोग निवडून करावा. ‘मणिचित्रताळ’ आणि पहिला ‘भूल भुलैया’ गावोगावच्या मानसिक आरोग्य कार्यक्रमांत खुशाल दाखवावेत, चर्चाही घडवावी. मात्र पुतळ्याचं डोकं उडण्याआधी थांबवून सांगावं, की इथून पुढे खरी बाई वर्षभर, कदाचित अनेक वर्षं, उपचाराला जाईल, आणि प्रत्येक फेरीला घरातल्या कुणाला तरी तिच्यासोबत जावं लागेल.