हॅलोविनच्या रात्री घरी काय लावाल?
३१ ऑक्टोबरला मंडळी जमतात आणि अर्धा तास 'काय बघायचं' यातच जातो. आधीच ठरवून ठेवा.

माझं पहिलं मत जॉन कार्पेंटरच्या 'हॅलोविन'ला (१९७८). रक्त फारसं नाहीच. भीती आहे ती वाट बघण्यात आणि कार्पेंटरनेच रचलेल्या पाच मात्रांच्या पियानोच्या ठेक्यात. कथा इलिनॉयमधल्या ऑक्टोबरची, पण शूटिंग झालं कॅलिफोर्नियात, तेही ऐन वसंतात! मग पानगळ आणायची कुठून? रंगवलेली पानं रस्त्यावर पसरायची, शॉट झाला की गोळा करून पुढच्या शॉटला पुन्हा तीच. मागची झाडं बघा, हिरवीगार आहेत. मारेकऱ्याचा मुखवटाही 'स्टार ट्रेक'च्या कॅप्टन कर्कचाच, पांढरा रंग फासलेला.

मारधाड नको असेल तर 'द अदर्स' (२००१). उजेड सहन न होणारी मुलं, कायम ओढलेले पडदे, बाहेर दाट धुकं. आधी पाहिला असेल त्याने शेवटाबद्दल कृपया गप्प बसावं.

पोरंटोरं असतील तर 'होकस पोकस' (१९९३). मोठ्यांना जरा पोरकट वाटेल, चालायचंच.

'हॅलोविन' जेमतेम दीड तासाचा आहे. दहाला लावलात तर साडेअकराला अंथरुणात. फक्त दिवे बंद करा आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा.