गुडघाभर पाण्यातली कविता

कविता वाचायची तर आधी चपला काढा, कपडे गुडघ्याच्या वर घ्या आणि पाण्यात उतरा! २०१६च्या डिसेंबरात कोची-मुझिरिस बिएनाले हे कलाप्रदर्शन सुरू झालं, तेव्हा फोर्ट कोचीच्या अ‍ॅस्पिनवॉल हाउसमध्ये हे खरोखर घडत होतं. जुन्या व्यापारी कंपनीच्या या आवारात एका लांबलचक गोदामात समुद्राचं पाणी भरलं होतं. बाजूच्या भिंतींवर अंतराअंतराने छोटे छोटे प्रश्न होते, कुणीतरी हाका मारत विचारल्यासारखे. पार शेवटच्या भिंतीवर गालिप कुर्दीविषयीचा मजकूर होता.

गालिप म्हणजे आयलानचा भाऊ. २ सप्टेंबर २०१५ला तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या चिमुकल्या निर्वासित आयलानचा फोटो जगाने पाहिला. पाच वर्षांचा गालिप आणि त्यांची आईही त्याच दिवशी बुडाले. गालिपचा तसा फोटो जगासमोर आला नाही. चिलीचे कवी राऊल झुरिता यांनी ही कविता त्याच्यासाठी रचली. नाव दिलं ‘वेदनेचा समुद्र’.

झुरितांचं समुद्राशी असलेलं नातं फार जुनं आणि फार दुखरं आहे. ११ सप्टेंबर १९७३ला चिलीत लष्कराने सत्ता बळकावली, त्या दिवशी या तरुण विद्यार्थ्याला पकडून जहाजाच्या तळाशी कोंबलं गेलं. पुढे त्याच राजवटीने अनेक कैद्यांचे देह समुद्रात फेकले. १९८२ मध्ये या कवीने विमानांच्या धुराने न्यूयॉर्कच्या आकाशात ओळी लिहिल्या. मग अटाकामाच्या वाळवंटात किलोमीटरभराहून लांब ओळ कोरली. कोचीत मात्र त्यांनी वाचकालाच आत ओढलं.

यातली खरी किमया पावलांत आहे. पुस्तकात नजर सरसर खाली धावते. पाण्यात आधी पाऊल तळ चाचपडतं, मग नजर वर जाते. दोन प्रश्नांमधली जागा, जी कागदावर नुसती कोरी असते, ती इथे पायांनी कापावी लागते. घाई करावी तर पाणी अडवतं. मागून येणाऱ्यांच्या चालण्याचा डुबुकडुबुक आवाज तुमच्या वाचनात मिसळतो. शेवटचा मजकूर वाचून झाला तरी सुटका नाही, परत त्याच पाण्यातून यायचं. कवी तिथे नसला तरी प्रयोग चालूच, कारण नट आणि वाचक एकच! हे पहिल्यांदा लक्षात येतं तेव्हा अंगावर काटा येतो.

हे घडलं त्यामागे मुंबईचे दृश्यकलाकार सुदर्शन शेट्टी होते. जे. जे.मध्ये शिकलेले, यक्षगान कलावंताचे चिरंजीव. त्या बिएनालेचे क्युरेटर म्हणून त्यांनी कवी-लेखकांना चित्रकारांच्या बरोबरीने बोलावलं. स्लोव्हेनियाच्या आलेश श्टेगर यांनी त्याच आवारात पिरॅमिड उभारला. आतल्या अंधाऱ्या वाटेने जाताना देशोधडीला लागलेल्या कवींच्या कविता कानांवर पडत.

आपल्याकडे चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनाला कवीला बोलावतात, दहा मिनिटं वाचायला लावतात आणि पुष्पगुच्छ देऊन निरोप देतात. मुंबई-पुण्याच्या कलादालनांना एकच विनंती आहे: पुढच्या वेळी कवीला भिंती रिकाम्या असतानाच बोलवा.