दारू सुटत नाही? मीटिंगला चला

संध्याकाळी विहारात वंदना होते. पंचशील म्हणताना पाचव्या शीलाजवळ एखाद्या ताईचा आवाज खाली जातो. तिचा नवरा किंवा मुलगा त्या वेळी गुत्त्यावर असतो. मंगळवार पेठेतल्या वस्तीत भिंतीला भिंत लागून घरे. कुणाच्या घरात काय चालले आहे ते सगळ्यांना कळते, बोलत मात्र कुणी नाही. पिणारा लाजेने विहारात यायचे सोडतो आणि घरची माणसे लाजेने मदत मागायचे सोडतात.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याचीही प्रतिज्ञा आहे. ती ज्याला पाळता येत नाही, तो समाजातून उठला असे नाही. रोज पिणाऱ्याचे शरीर आणि मेंदू दारूवर अवलंबून राहतात, हा आजार आहे. शपथा घालून, मारहाण करून किंवा लग्न लावून देऊन टीबी बरा होतो का? मग दारूचा आजार तरी कसा होईल?

आधी डॉक्टर

रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडू नये. सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप जाते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-चार दिवसांत भास होणे, बडबडणे सुरू झाले तर जिवाला धोका असतो. म्हणून आधी सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवावे. आणखी एक गोष्ट : जाहिरातीतली पावडर किंवा दारू सोडवायची गोळी न सांगता चहा-आमटीत घालू नका. काही औषधांवर दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळतो, माणूस दगावू शकतो.

मीटिंग म्हणजे काय?

औषधाने शरीरातली दारू उतरते, पण पुन्हा ग्लास हातात घ्यायचा नाही हे रोज ठरवावे लागते. त्यासाठी मीटिंग. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात बिल विल्सन हा शेअर दलाल आणि बॉब स्मिथ हे सर्जन एकमेकांशी बोलत बोलत दारूपासून दूर राहिले. त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे 'एए', उभी राहिली. १९५७ पासून ती भारतात आहे. फी नाही, जातीधर्माची अट नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. खर्चासाठी शेवटी पिशवी फिरते. नव्या माणसाने काही टाकले नाही तरी चालते.

शोधायची कशी?

सीपीआरच्या मानसोपचार विभागात विचारा. १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही टेली-मानसची सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. 'कोल्हापुरात एएची मराठी मीटिंग कुठे, कोणत्या वारी?' असे सरळ विचारा. जागा आणि वेळा बदलतात, म्हणून निघण्याआधी एकदा फोन करून खात्री करा. पेठेत कुणी बघेल ही भीती वाटत असेल तर शहराच्या दुसऱ्या भागातल्या मीटिंगला जा. तिथे आडनाव सांगावे लागत नाही, आणि ऐकलेले बाहेर बोलायचे नाही असा रिवाज आहे. पिणाऱ्या बायकांनाही ही दारे उघडी आहेत.

आत गेल्यावर

मीटिंग साधारण तास-दीड तासाची. एकेक जण नाव सांगतो, आपण दारुडा आहोत हे कबूल करतो आणि स्वतःची कहाणी सांगतो. मध्ये कुणी बोलत नाही, उपदेश करत नाही. पहिल्या दिवशी नुसते ऐकले तरी चालते. जन्मभराची शपथ कुणी घ्यायला लावत नाही. फक्त आजचा दिवस प्यायचे नाही, एवढेच. निघताना दोघा-तिघांचे फोन नंबर घ्या. पगाराच्या संध्याकाळी तलफ आली की पहिला फोन त्यांना करा. पाय घसरला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. तिथे बसलेल्यांत अनेक जण असेच घसरून परत आलेले असतात.

देव न मानणाऱ्याचे काय?

एएच्या बारा पायऱ्यांत देवाचा उल्लेख आहे, शेवटी प्रार्थनाही होते. आपली माणसे इथे अडखळतात. पण त्या पायऱ्यांतच देव प्रत्येकाने आपल्या समजुतीप्रमाणे घ्यावा असे म्हटले आहे. देव न मानणारे अनेक सभासद गटालाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानतात. आपण संघाला शरण जातो, तेव्हा एकट्याचे बळ पुरत नाही हे आपल्याला ठाऊकच आहे. प्रार्थनेच्या वेळी शांत उभे राहावे. प्रतिज्ञा मोडत नाही.

घरच्यांनी

त्याची उधारी भागवू नका, कामावर खोटी कारणे सांगू नका. प्यायलेला असताना वाद नको, सकाळी शुद्धीवर असताना बोला. मारहाण होत असेल तर आधी स्वतःला आणि मुलांना सुरक्षित ठेवा. नातेवाइकांसाठी 'अल-अनॉन' या वेगळ्या मीटिंग असतात. त्यांची चौकशी त्याच फोनवर करा. तो गेला नाही तरी तुम्ही जा. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणमध्येही कुटुंबाला उपचाराचा भाग मानले जाते.

आणि विहाराने एक करावे. मीटिंगची वेळ आणि हेल्पलाइनचे नंबर फलकावर लिहावेत. सोडणारा माणूस वंदनेला आला, तर कालचे काही न विचारता त्याला शेजारी बसायला जागा द्यावी.