साखर मोजता येते. पण उमगते का?

सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली मराठी वस्ती मोठी आहे. त्यांतील अनेकांची उपजीविका कापड उद्योगावर चालते आणि यंत्रमागाच्या पाळ्या बारा-बारा तासांच्या असतात. अशा कामगाराला मधुमेह जडला की ‘पहाटे फिरायला जा, वेळेवर जेवा’ असा सल्ला मिळतो. सल्ला चुकीचा नाही. पण रात्रपाळी संपवून सकाळी घरी परतणाऱ्याची पहाट कोणती?

रुग्णशिक्षण बहुधा इथेच अडते. माहिती दिली म्हणजे आत्मविश्वास येतो, हा गैरसमज आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये मांडले, की ‘हे मला जमेल’ हा विश्वास प्रामुख्याने स्वतःला आलेल्या यशाच्या अनुभवातून घडतो. बोस्टनचे डॉ. इलियट जोसलिन यांनी तर इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वीच, 1918 मध्ये, डॉक्टर आणि रुग्ण या दोघांसाठी मिळून मधुमेहाची पुस्तिका लिहिली होती.

हा अनुभव घरातला ग्लुकोमीटर देऊ शकतो. जेवणापूर्वी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजली, की कोणत्या ताटाने ती किती चढते हे रुग्णाला स्वतःच दिसते. शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, चंदी पडव्याला, सुरतेत घारी खाल्ली जाते (आपली भोपळ्याची नव्हे, ही मावा-तुपाची मिठाई). त्या दिवशी नुसते ‘नको’ म्हटल्याने फारसे काही साधत नाही. लहानसा तुकडा घेऊन भात कमी केला तर आकडा काय सांगतो, हे पाहणारा पुढच्या सणाला स्वतः हिशेब मांडतो.

साखर उतरण्याची भीती मात्र अधिक खोल असते. इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्याला जेवण लांबले की घाम, थरथर, धडधड सुरू होते. एकदा असे झाले की पुष्कळजण डॉक्टरांना न विचारताच औषध कमी करतात. साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास सुमारे 15 ग्रॅम साखर पाण्यातून घ्यावी आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजावी, एवढे रुग्णाला आणि त्याच्या शेजारच्या मागावरील सोबत्याला ठाऊक हवे. बेशुद्धावस्थेत मात्र तोंडात काहीही घालू नये. थेट रुग्णालय गाठावे. पाळीनुसार औषधाची वेळ कशी बदलावी, हेही डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे आणि तेही रुग्णाला वाचता येईल अशा भाषेत.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासात मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, 26.4 टक्के, गोव्यात आढळले. हॉटेले, कॅसिनो आणि कारखान्यांतील रात्रपाळ्या इथेही आहेत.