हिशेब चोख, झोप उधार

मार्च अखेर आली की इतवारी-गांधीबागेतले व्यापारी दवाखान्यात जास्त दिसू लागतात. तक्रारी ठरलेल्या : छातीत जळजळ, डोके जड, झोप नाही. गेल्या मार्चमध्ये आलेल्या एका कापड व्यापाऱ्याचा रक्तदाब दोन वेगवेगळ्या दिवशी मोजला. दोन्ही वेळा १६०/१००. रोजमेळ जुळला तरी ते वही घरी आणून रात्री दोनपर्यंत पुन्हा तपासत. मुनीम वीस वर्षांचा जुना, तरी प्रत्येक बिल स्वतःच लिहीत.

काटेकोरपणा हा व्यापाऱ्याचा गुणच. पण 'जराही चूक नको' हा हट्ट झाला की शरीर सतत ताणाखाली राहते. अ‍ॅड्रिनलिन, कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, नाडी जलद चालते, झोप उडते. आणि अपुऱ्या झोपेने चुका उलट वाढतात!

उपाय साधे आहेत. मोठी रक्कम, कराचे विवरणपत्र एकदा स्वतः व एकदा दुसऱ्याकडून तपासावे; तिसऱ्यांदा नको. किरकोळ बिले मुनिमावर सोपवावीत. वही दुकानातच ठेवावी. रोज अर्धा तास चालावे. रात्रीचा चहा टाळावा.

मात्र दुकानाचे कुलूप दहा-दहा वेळा ओढून पाहिल्याशिवाय चैन पडत नसेल, तर तो मंत्रचळ असू शकतो. हा आजार आहे, स्वभाव नव्हे. त्यावर उपचार आहेत. मेडिकलच्या मानसोपचार विभागात दाखवावे, किंवा 'टेलि-मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे.

त्या व्यापाऱ्यांना गोळी सुरू केली, हे नियमही लिहून दिले. महिन्याने आले तेव्हा रक्तदाब १३६/८४ होता. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, वही आता दुकानातच झोपते, अन् मी घरी!"