विजेचा इशारा आणि मजुरीचा प्रश्न

बीड जिल्हा म्हटला की कोरडे आड आणि कोयते बांधून पश्चिमेकडे निघालेल्या ऊसतोड कुटुंबांच्या गाड्या, एवढेच चित्र परक्या माणसाच्या डोळ्यांपुढे उभे राहते. ते खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. पर्जन्यछायेतील या मुलुखास वर्षाकाठी सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पावसावर गुजराण करावी लागते. परंतु जो पाऊस येण्यास इतके आढेवेढे घेतो, तो आला म्हणजे कसा येतो, हे १९८९ च्या जुलैत बिंदुसरेचा पूर पाहिलेल्या बीडकरांस विचारावे. २०२५ च्या सप्टेंबरात सिंदफणेच्या व गोदेच्या काठची उभी पिके पाण्याखाली गेली, ती तर अलीकडचीच गोष्ट होय. पुराचा गाजावाजा होतो, पुढारी पाहणीस येतात, पंचनामे होतात. विजेचे तसे नाही. ती शिवारात एखाद्या निंबाखाली एखाददुसरे माणूस आणि एखादी बैलजोडी गाठते, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी येतात. अशा चार-चार ओळींची बेरीज राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने केली आहे: देशात विजेने २०२१ साली २,८८० आणि २०२२ साली २,८८७ माणसे दगावली.

मराठवाड्यात वीज मुख्यत्वे दोन हंगामांत घात करते. एक वळवाच्या पावसाचा, मृगाच्या आगेमागे. दुसरा परतीच्या पावसाचा, हस्त-चित्रा नक्षत्रांचा. पहिल्या वेळी पेरणीची तयारी चालू असते, दुसऱ्या वेळी सोयाबीनची काढणी. म्हणजे आभाळ फाटते नेमके त्याच वेळी, ज्या वेळी शेतात माणूस सर्वांत अधिक असते.

आता शास्त्राने आपले काम केले नाही असे कोणी म्हणेल, तर तो अन्याय होईल. १८७५ साली स्थापन झालेले हवामान खाते आज जिल्हावार पिवळा, नारंगी व तांबडा असे इशारे देते आणि वादळ जवळ आले म्हणजे पुढील तीन तासांपुरती निराळी सूचनाही काढते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ नावाची सोय मोबाइलवर करून दिली आहे. आपण उभे आहो तेथून वीस आणि चाळीस किलोमीटरांच्या आत कोठे वीज पडत आहे, हे तीत दिसते. एवढे मात्र खरे की आष्टीपासून परळीपर्यंतच्या अकरा तालुक्यांस मिळून एकच पिवळा रंग लागतो, चार वेळा तो रंग लागून आपल्या गावी ऊनच पडते, आणि पाचव्या वेळी त्याकडे कोणी पाहत नाही. म्हणून दिवसाचा रंग पाहून सावध राहावे आणि तीन तासांची सूचना येताच काम थांबवावे, हा भेद लोकांस समजावून सांगितला पाहिजे.

परंतु समजले तरी काम थांबविणार कोण? येथेच खरी गोम आहे. खुरपणाऱ्या बाईचा मोबाइल, असलाच तर, घरी मुलापाशी असतो. ढग तिलाही दिसतात. गडगडाट तिलाही ऐकू येतो. पण दुपारी तीन वाजता ती बांधाबाहेर पडली तर अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. गुत्त्याने सोयाबीन काढणाऱ्या टोळीची स्थिती याहून बिकट, कारण तिचा प्रत्येक थांबलेला तास तिच्याच पदरचा जातो. मालकास उघड्यावर पडलेल्या ढिगाची काळजी लागलेली असते आणि तो ‘एवढी ओळ उरका’ म्हणून घाई करतो. त्यालाही आम्ही दुष्ट म्हणत नाही. भिजलेल्या सोयाबीनला मोंढ्यात काय भाव येतो हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. तथापि विजेने मेलेल्याच्या वारसास सरकार चार लाख रुपये देते, आणि त्याचा जीव वाचवू शकणारी दोन तासांची मजुरी मात्र द्यावयास कोणी तयार नाही, हा हिशेब कोणत्या खतावणीत बसतो, हे व्यापारी बंधूंनीच सांगावे.

यास कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. गुत्ते ठरतानाच ‘गडगडाट ऐकू येताच काम बंद, मजुरी चालू’ एवढी अट घालता येते. आणि निरोप पोहोचविण्याचे म्हणाल, तर मोंढ्यात दुपारी भाव पन्नास रुपयांनी उतरला की दिवेलागणीपूर्वी ती वार्ता खेडोपाडी पोहोचते. ज्या आडत्यापाशी आणि बी-बियाण्यांच्या दुकानदारापाशी गावोगावच्या गिऱ्हाइकांचे नंबर आहेत, त्याने भावाच्या निरोपाखाली विजेचा निरोप जोडावा. देवळावर भोंगा आहे, मशिदीवर आहे, ग्रामपंचायतीवरही आहे. त्यांनी दवंडी द्यावी.

याच्या जोडीस काही भ्रम जाणे अवश्य आहे. पायाळू माणसावर वीज पडते, या समजुतीपायी पायाळूस वेगळे बसवितात आणि बाकीचे निर्धास्तपणे झाडाखाली दाटीने उभे राहतात! विजेस जन्माची कुंडली कळत नाही. तिला उंच झाड, एकाकी खांब आणि उघड्या रानातील उभा माणूस कळतो. झाडावर पडलेली वीज जमिनीतून पसरते, म्हणून खाली बांधलेली बैलजोडी मरते. गाठावयाचे ते पक्के घर अथवा बंद काचांची मोटार. उघडे पत्र्याचे शेड किंवा खोपी कामाची नाही. काहीच जवळ नसेल तर कोयता-विळा दूर टाकून, एकमेकांपासून अंतर राखून, पावले जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये. लखलखाट आणि गडगडाट यांत तीस मोजण्याइतके अंतर नसेल, तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे असे समजावे. आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. ग्रामपंचायतीवरील वीज अटकाव यंत्र आपल्या इमारतीचे व लगतच्या जागेचे रक्षण करते, साऱ्या शिवाराचे नव्हे.

विजेने कोसळलेल्या माणसास शिवू नये, असेही कित्येक मानतात. त्याच्या अंगात वीज मुळीच उरलेली नसते. श्वास थांबला असेल तर १०८ क्रमांकास फोन लावून, छातीच्या मध्यावर दोन्ही तळव्यांनी मिनिटास शंभर ते एकशे वीस या गतीने दाब देत राहावे. असे पुष्कळ लोक वाचतात. हे कसे करावयाचे ते तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून एखाद्या जाणत्याने मोंढ्यात येऊन हमालांस व मुकादमांस एका दुपारी दाखवावे, आणि ती दुपार सोयाबीन काढणीच्या आधीची असावी.