काचेच्या बशीतील लाळग्रंथी आणि रजोनिवृत्तीतील कोरडे तोंड

निरोगी प्रौढ माणसाच्या तोंडात दिवसाकाठी साधारणपणे अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. तिच्यात सुमारे 99 टक्के पाणी असले, तरी उरलेल्या अल्प भागातील क्षार आणि प्रथिने दातांच्या इनॅमलचे रक्षण करतात आणि जंतूंना आवर घालतात. रजोनिवृत्तीच्या, म्हणजे मासिक पाळी कायमची थांबण्याच्या, सुमारास अनेक स्त्रियांचे तोंड कोरडे पडू लागते, जिभेची आग होते, चव बदलते, आणि तरीही ‘वय झाले’ एवढ्यावर या तक्रारीची बोळवण होते. ही बोळवण अन्यायाची आहे, कारण लाळग्रंथींच्या पेशींत इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकाचे ग्राही, म्हणजे त्याचा संदेश स्वीकारणारी प्रथिने, आढळलेली आहेत.

मात्र याच वयात अनेकदा तोंड कोरडे पाडू शकणारी रक्तदाबाची किंवा नैराश्यावरची औषधे सुरू झालेली असतात, आणि शरीराची प्रतिकारयंत्रणाच लाळेच्या व अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते तो श्योग्रेन विकारही बहुधा मध्यम वयाच्या स्त्रियांतच उघडकीस येतो. त्यामुळे कोरडेपणात इस्ट्रोजेनच्या घटीचा वाटा किती, हे रुग्णाकडे पाहून सांगता येत नाही. उंदरांवर प्रयोग करायचे, तर त्यांना मानवी रजोनिवृत्तीसारखी अवस्था येत नसल्याने त्यांचे बीजांडकोश काढून टाकावे लागतात, पण त्यामुळे संप्रेरक एकाएकी नाहीसे होते, तर स्त्रीच्या शरीरात ते काही वर्षे चढउतार होत ओसरते.

येथे ऑर्गनॉइड, म्हणजे मूलपेशींपासून वाढवलेली अवयवाची सूक्ष्म त्रिमितीय प्रतिकृती, उपयोगी पडते. 2009 मध्ये नेदरलँड्समधील हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने आतड्याच्या मूलपेशींपासून अशी रचना वाढवून दाखवली, आणि पुढे लाळग्रंथींसाठीही ही वाट खुली झाली. ग्रंथीतील स्रावी पेशींना चेतातंतूंकडून ॲसिटिलकोलीन मिळाले की पेशीतील कॅल्शियम वाढते, क्लोराइड बाहेर पडते आणि त्यामागोमाग अ‍ॅक्वापोरिन-5 या प्रथिनाच्या मार्गिकेतून पाणी झिरपते. ऑर्गनॉइडला ॲसिटिलकोलीनसारखे रसायन दिल्यास हे पाणी आतल्या बंद पोकळीत साचून तो फुगतो, आणि ही फुगवण सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येते. इस्ट्रोजेन असताना आणि ते काढून घेतल्यावर फुगवण किती, ही तुलना त्यामुळे शक्य होते.

यासाठी लागणारा काटेकोरपणा विलक्षण आहे. पेशींच्या पोषकद्रवात रंगदर्शक म्हणून घातले जाणारे फिनॉल रेड इस्ट्रोजेनसारखा सौम्य परिणाम घडवू शकते, आणि त्या द्रवात मिसळल्या जाणाऱ्या प्राण्यांच्या रक्तद्रवातही संप्रेरके असतातच. म्हणून रंगविरहित द्रव आणि कोळशाने संप्रेरके शोषून घेतलेला रक्तद्रव वापरावा लागतो, अन्यथा ‘इस्ट्रोजेनविरहित’ म्हटलेला प्रयोग तसा उरत नाही. शिवाय बशीत स्रावी पेशी आपले वैशिष्ट्य गमावून नलिकेच्या पेशींसारख्या होऊ लागतात, आणि साध्या ऑर्गनॉइडमध्ये चेतातंतू, रक्तवाहिन्या व प्रतिकारपेशी नसतात, त्यामुळे त्याचा निष्कर्ष थेट रुग्णाला लागू करणे घाईचे ठरेल.

तोवर एक साधी तपासणी हाताशी आहे: काही न चघळता काही मिनिटे लाळ भांड्यात गोळा करायची, आणि ती मिनिटाला 0.1 मिलिलिटरपेक्षा कमी भरली, तर लाळ खरोखरच घटली आहे असे मानायचे. पन्नाशीच्या आसपासच्या स्त्रीने कोरड्या तोंडाची तक्रार केली, तर दंतवैद्यांनी ही तपासणी करावी, आणि त्यांनी केली नाही तर तिने ती मागून घ्यावी.